शांतिनिकेतनात कोणी, कधी आणि कशासाठी यावे: विश्वभारतीच्या आवारातील प्रवेशाचे प्रकरण

कोलकात्याच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर, वीरभूम जिल्ह्यातील बोलपूर शहराला लागून शांतिनिकेतन वसले आहे. तिथले विश्वभारती हे १९५१ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. पंतप्रधान त्याचे कुलपती असतात. मात्र विद्यापीठ म्हटल्यावर आपल्यासमोर एक मोठे फाटक, त्याच्या आत इमारती आणि भोवती भिंत असे जे चित्र येते ते इथे लागू पडत नाही. पाठभवन या शाळेतील मुलांचे वर्ग, वसतिगृहे, कलाशिक्षणाचे कलाभवन, रवींद्रनाथ ज्या घरांत राहिले ती उत्तरायण परिसरातील पाच घरे, निवृत्त अध्यापकांचे आणि जुन्या आश्रमवासीयांचे बंगले, टपाल कार्यालय, बाजाराकडे जाणारा रस्ता आणि मेळ्याचे मैदान हे सगळे एकमेकांत मिसळलेले आहे. त्यामुळे ‘आवारात कोणाला येऊ द्यायचे’ हा प्रश्न इथे निव्वळ सुरक्षा विभागाचा राहत नाही. तो शहराचा, सरकारचा, व्यापाऱ्यांचा, न्यायालयांचा आणि राजकीय पक्षांचाही होऊन बसतो.

२००४ ते २०२५ या दोन दशकांत या प्रश्नावर तिथे जे घडले त्याची ही नोंद आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. शांतिनिकेतनात बाहेरून येणाऱ्यांचे प्रकार वेगवेगळे होते आणि प्रत्येक जागेवरचा त्यांचा हक्कही वेगळा होता. विद्यापीठाने त्या सगळ्यांना ‘बाहेरचे’ या एकाच नावाखाली आणले आणि सगळ्यांवर अडवण्याचा एकच उपाय केला. जिथे अडवणे योग्य होते तिथे तो उपाय लागू पडला. जिथे लोकांचा हक्क जुना आणि लेखी होता, तिथे त्यातून मोडतोड आणि खटले उभे राहिले.

वागणुकीचा पहिला लेखी नियम

रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ मध्ये इथली जमीन घेतली आणि सातवीणीच्या दोन झाडांखाली ध्यानासाठी जागा केली. हीच आजची छातिमतला. पुढे १८८८ मध्ये त्यांनी ही जागा न्यासाच्या स्वाधीन केली आणि त्यासाठी न्यासपत्र लिहिले. प्रवेशाच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने या न्यासपत्रापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

निराकार ईश्वराची उपासना करण्यासाठी कोणत्याही जातीचा किंवा पंथाचा मनुष्य इथे येऊ शकेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. त्याच वेळी आवारात मूर्तिपूजा, मांसाहार आणि मद्यपान चालणार नाही, कोणत्याही धर्माची किंवा उपास्याची निंदा होणार नाही, अशी बंधनेही घातलेली आहेत. विश्वस्तांनी दरवर्षी एक मेळा भरवण्याचा प्रयत्न करावा, मेळ्यात ओंगळ करमणूक नसावी आणि मद्य व मांस सोडून सर्व प्रकारच्या वस्तूंची खरेदी-विक्री व्हावी, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे कोण येणार यावर जवळजवळ काहीच अट नाही; आल्यावर कसे वागायचे यावर मात्र स्पष्ट अटी आहेत. मेळा हा तर संस्थेने उपकार म्हणून दिलेला कार्यक्रम नसून संस्थापकाने विश्वस्तांवर सोपवलेले काम आहे. पुढच्या वादात ही गोष्ट निर्णायक ठरते.

१८९१ मध्ये काचेचे उपासनागृह उभे राहिले, १८९४ पासून पौषमेळा भरू लागला, १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी मोजक्या मुलांना घेऊन शाळा सुरू केली आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना झाली. शाळा आली तेव्हा न्यासपत्रात नसलेली एक नवी गरज निर्माण झाली. वर्ग झाडाखाली भरणार, मुले आसनांवर बसणार आणि शिक्षक त्यांच्यासमोर एखाद्या ओट्यावर बसून शिकवणार. अशा वर्गाला दार नसते. ज्या महाविद्यालयाच्या खोल्यांना दारे आहेत तिथे व्हरांड्यातून कोणी गेले तरी शिकवणे थांबत नाही. आम्रकुंजात मात्र दहा माणसे येऊन उभी राहिली की वर्ग मोडतो. वर्ग सुटेपर्यंत पर्यटकांनी आश्रमाच्या भागात फिरू नये आणि मुलांची छायाचित्रे काढू नयेत, हा संकेत त्यातून आला. वर्ग सकाळी लवकर सुरू होऊन दुपारी संपत असल्यामुळे तो पाळणे अवघडही नव्हते. बराच काळ हा संकेत, रखवालदारांची नजर आणि आश्रमवासीयांचे टोकणे एवढ्यावर काम भागत होते.

२००४ ची चोरी आणि तिचा चुकीचा अर्थ

२५ मार्च २००४ रोजी, गुरुवारी, उत्तरायणातील संग्रहालयातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक आणि इतर अनेक वस्तू चोरीस गेल्याचे उघडकीस आले. विश्वभारतीत साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते, कारण ब्राह्म समाजाच्या परंपरेनुसार तो उपासनेचा दिवस आहे. सुट्टीनंतर दारे उघडली तेव्हा चोरी कळली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, तो बंद झाला, पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद झाला. पदक मिळाले नाही. नोबेल प्रतिष्ठानाने नंतर पदकाच्या प्रतिकृती दिल्या.

या घटनेने संस्थेला आणि साऱ्या बंगालला बसलेला धक्का समजण्यासारखा आहे. तरी व्यवस्थापनाच्या दृष्टीने नीट पाहिले तर चोरी बंद संग्रहालयात झाली होती, उघड्या मैदानावर नव्हे. सुट्टीच्या काळात झाली होती, गर्दीच्या वेळी नव्हे. संग्रहालयाची कुलुपे, धोक्याची घंटा, रात्रीचा पहारा आणि मौल्यवान वस्तू ठेवण्याची पद्धत यांत दोष होता आणि दुरुस्तीही तिथेच हवी होती. संग्रहालयाची व्यवस्था बदलली हे खरे, पण सुरक्षेची भाषा संग्रहालयापुरती राहिली नाही. पुढच्या वर्षांत आवारात ठिकठिकाणी कुंपणे, फाटके आणि सुरक्षारक्षक वाढत गेले. ज्या वाटांनी लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत होते त्यांतल्या काही बंद झाल्या. चोरी कोणी केली हे कळले नव्हते, तरी संशय मात्र आवारातून जाणाऱ्या प्रत्येकावर येऊन बसला. माझ्या मते पुढच्या सगळ्या कडवटपणाचे मूळ इथे आहे. एका विशिष्ट जागेच्या दोषावर सर्व जागांसाठी उपाय केला गेला आणि तो कायमचा राहिला.

वसंतोत्सव: अडवणे योग्य होते असे ठिकाण

वसंतोत्सवाची सुरुवात रवींद्रनाथांचा मुलगा शमींद्रनाथ याने १९०७ मध्ये ऋतूंच्या उत्सवाच्या रूपाने केली, असे तिथे मानले जाते. मूळचा हा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम. पिवळी वस्त्रे घालून मुले-मुली गात-नाचत मिरवणुकीने येतात, मग गाणी आणि नृत्य होते आणि शेवटी कोरडा गुलाल उधळतात. पाण्याचा रंग नाही, अंगलगट नाही. पाहायला लोक येत, पण ते पाहुणे म्हणून.

बंगालमध्ये दोलपौर्णिमेला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेला, शांतिनिकेतनला जाणे ही पुढे रीत झाली. कोलकात्याहून गाडीने अडीच-तीन तासांत पोहोचता येते, आजूबाजूला हॉटेले आणि रिसॉर्ट उभी राहिली, आणि मोबाइलवर छायाचित्रे टाकण्याची सोय झाल्यावर तर गर्दीला धरबंध राहिला नाही. उत्सवाची जागा आतल्या प्रांगणातून मोठ्या मैदानाकडे सरकत गेली. दर वेळी नवी जागाही अपुरी पडली. २०१९ च्या उत्सवात रस्ते तुंबले, गर्दीत चेंगराचेंगरीची भीती निर्माण झाली, आणि कार्यक्रम करणाऱ्या मुलांनाच मैदानात शिरणे व तिथून सुखरूप बाहेर पडणे कठीण झाले. केसात माळण्यासाठी पळसाच्या फांद्या ओरबाडल्या जाणे, अनोळखी मुलींना गुलाल लावण्याच्या निमित्ताने त्रास देणे, मद्य पिऊन येणे या तक्रारी तर त्याआधीपासूनच्या होत्या.

२०२० चा उत्सव कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाला. साथ ओसरल्यावर विद्यापीठाने जुन्या पद्धतीने तो पुन्हा सुरू केला नाही. २०२३ मध्ये दोलपौर्णिमेच्या काही दिवस आधी, ३ मार्चला, ‘वसंतवंदना’ या नावाने फक्त विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांच्यासाठी कार्यक्रम झाला, आणि त्यानंतरही उत्सव सर्वांसाठी खुला झालेला नाही.

यावर बंगालमध्ये फार टीका झाली. रवींद्रनाथांचा उत्सव लोकांपासून हिरावून घेतला, असे म्हटले गेले. मला ही टीका पटत नाही. वसंतोत्सव हा न्यासपत्रातला मेळा नाही. तो शाळेचा आणि विद्यापीठाचा कार्यक्रम आहे, आणि त्यात मंचावर लहान मुले असतात. ज्या कार्यक्रमात मुलांची सुरक्षितता सांभाळता येत नाही तो खुला ठेवण्याचे बंधन कोणत्याही संस्थेवर असू शकत नाही. तारीख बदलण्याची युक्तीही विचारपूर्वक केलेली होती, कारण गर्दी दोलपौर्णिमेच्या सुट्टीशी बांधलेली होती, उत्सवाच्या आशयाशी नव्हे. उणीव राहिली ती दुसरीकडे. हा बदल माजी विद्यार्थ्यांशी आणि गावाशी बोलून झाला नाही, आणि पालक, जुने विद्यार्थी, शेजारी यांच्यासाठी मर्यादित निमंत्रणांची सोय ठेवता आली असती, तीही ठेवली गेली नाही.

शिवाय एक दार बंद झाले म्हणून माणसे घरी बसत नाहीत. दोलपौर्णिमेची गर्दी पुढेही शांतिनिकेतनला येतच राहिली आणि खोयाई या लाल मातीच्या घळींजवळच्या सोनाझुरीच्या वनात जमू लागली. तिथे पूर्वी शनिवारी स्थानिक कारागिरांचा छोटा हाट भरायचा; आता तो जवळजवळ रोज भरतो. २०२५ च्या होळीला वनविभागाने या वनात रंग खेळण्यास मनाई करणारे फलक लावले आणि त्यावरून राजकीय वाद पेटला. विद्यापीठाच्या आवारातला भार वनजमिनीवर गेला, एवढाच त्याचा अर्थ. आवाराचा निर्णय विद्यापीठाने एकट्याने घेतला तरी परिणाम जिल्ह्याला भोगावा लागतो, म्हणून अशा निर्णयाच्या आधी जिल्हाधिकारी, बोलपूर नगरपालिका, वनविभाग आणि रेल्वे यांना एकत्र बसवणे हे सौजन्य नसून गरज असते.

पौषमेळा: अडवणे चुकले असे ठिकाण

सात पौष (बंगाली सौर पंचांगातली तारीख, डिसेंबरच्या अखेरीस येणारी) हा देवेंद्रनाथांच्या ब्राह्म धर्मदीक्षेचा दिवस. त्या दिवशी पहाटे वैतालिक, म्हणजे गात काढलेली फेरी, होते, छातिमतलावर उपासना होते आणि मेळा सुरू होतो. बाउल गायक, संथाळ कारागीर, डोक्र्याच्या म्हणजे ओतीव पितळी मूर्ती, कांथा भरतकाम, शेतीची अवजारे, पाळणे, मिठाई असा मोठा पसारा पूर्वपल्लीच्या मैदानावर मांडला जातो. अधिकृत मेळा तीन दिवसांचा, पण तो संपल्यावर ‘भांगा मेला’ म्हणजे मोडता मेळा कित्येक दिवस चालत असे. बाहेरगावच्या पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर आसपासच्या खेड्यांतली माणसे याच दिवसांत स्वस्तात घरगुती वस्तू घ्यायला येत. त्यामुळे मेळ्याचे दिवस कमी करण्याचा निर्णय कागदावर शिस्तीचा दिसतो, पण त्याची झळ नेमकी कोणाला लागते ते पाहायला हवे.

पर्यावरणाचा प्रश्न खराच होता. मैदानाच्या भोवती वस्ती, वसतिगृहे आणि झाडे. मेळ्यात लाकूड-कोळशाच्या भट्ट्या, प्लास्टिक, ध्वनिवर्धक आणि मागे राहणारा कचरा. एका पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला आणि लवादाने मेळ्याचे दिवस, कचरा, धूर, आवाज यांवर अटी घातल्या. अटी पाळल्या गेल्या नाहीत तर उत्तर विद्यापीठाला द्यावे लागणार होते. दुकाने मात्र विद्यापीठाच्या धाकात नव्हती. हे विद्यापीठाचे खरे संकट होते आणि त्याची नोंद न घेता त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

२०१९ च्या मेळ्यात विद्यापीठाने जागांची नोंदणी ऑनलाइन केली आणि ठरलेल्या वेळेत जागा रिकामी व्हावी म्हणून दुकानदारांकडून अनामत रक्कम घेतली. मुदतीनंतर जे उठले नाहीत त्यांना उठवण्यावरून खटके उडाले, अनामत परत करण्यावरूनही तक्रारी झाल्या. अनामत ही कल्पना चांगली होती. वागणुकीला थेट किंमत जोडणारा तो उपाय होता आणि न्यासपत्राच्या परंपरेत बसणारा होता. पहिल्या वर्षी गोंधळ झाला म्हणून पुढच्या वर्षी तो सुधारता आला असता: रक्कम कोणाकडे जमा राहील, किती दिवसांत परत मिळेल, मुदत मोडल्यास किती कापली जाईल आणि वाद कोण सोडवेल, हे व्यापारी संघटनेबरोबर आधी लिहून ठेवायचे होते. तसे न होता जुलै २०२० मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने यापुढे मेळा भरवायचाच नाही असे ठरवले.

त्याच्या पुढच्या महिन्यात मैदानाभोवती भिंतीचे काम सुरू झाले. मैदानाची हद्द आखण्यास हरित लवादानेच सांगितले आहे, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या होत्या. आधी मेळा बंद झाला आणि मग मैदानही जाऊ लागले. सकाळी फिरणारे म्हातारे, संध्याकाळी चेंडू खेळणारी मुले आणि मेळ्यावर वर्षाची कमाई अवलंबून असणारे छोटे व्यापारी हे सगळे एका बाजूला आले. १७ ऑगस्ट २०२० रोजी हजारोंच्या जमावाने बांधकामाची मोडतोड केली आणि यंत्र लावून मैदानाचे फाटक पाडले. विद्यापीठाने कामकाज अनिश्चित काळासाठी बंद केले. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने चार सदस्यांची समिती नेमली.

जमावाने केलेल्या मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. रवींद्रनाथांच्या विद्यापीठाच्या फाटकावर यंत्र चालवले गेले ही बंगाललाच नव्हे तर सर्वांनाच क्लेश देणारी गोष्ट आहे. तरीही प्रकरण अभ्यासताना विचारायचा प्रश्न असा आहे की हे टाळता आले असते का. मला वाटते, आले असते. आधी हद्द दगडांनी किंवा झुडपांच्या रांगेने आखायची, मैदान कोणत्या वेळी कोणासाठी खुले राहील हे लेखी जाहीर करायचे, मेळ्याचा निर्णय एक वर्ष स्थगित ठेवायचा आणि मग कुंपणाला हात घालायचा, हा क्रम शक्य होता. भिंतीपेक्षा वेळापत्रक आधी आले असते तर भिंतीची भीती राहिली नसती.

२०२१ आणि २०२२ मध्ये बोलपूरच्या डाकबंगला मैदानावर पर्यायी मेळा भरला. २०२३ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने मेळा पूर्वपल्लीच्या मैदानावर परतला. २०२४ मध्ये विश्वभारती आणि शांतिनिकेतन न्यास यांनी प्रशासनाच्या मदतीने तो पुन्हा स्वतः भरवला. चार वर्षे भांडून सगळे ज्या मांडणीवर आले ती अशी: जागा विद्यापीठाची, परंपरा न्यासाची, पोलीस आणि स्वच्छता शासनाची.

रस्ता

टपाल कार्यालयाकडून उपासनागृहाजवळून श्रीनिकेतन या विश्वभारतीच्याच दुसऱ्या परिसराच्या दिशेने जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता हा या प्रकरणाचा छोटा पण बोलका भाग आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने तो विद्यापीठाकडे दिला. विद्यापीठ वाट अडवते, जड वाहनेच नव्हे तर साधे येणे-जाणेही कठीण करते, अशा रहिवाशांच्या तक्रारी वाढल्यावर डिसेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी रस्ता परत घेतल्याची घोषणा केली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शांतिनिकेतनचे नाव आल्यावर विद्यापीठाने पुन्हा रस्ता मागितला आणि त्यासाठी जड वाहनांच्या हादऱ्यांनी जुन्या वास्तूंना व उघड्यावरच्या शिल्पांना होणारा धोका पुढे केला.

हा धोका खोटा नाही. कलाभवनाच्या परिसरात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये केलेले ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प सिमेंट आणि खडीचे आहे आणि ते उघड्यावर उभे आहे. काचेचे उपासनागृह तर रस्त्यालगत आहे. पण वजनदार वाहनांना बंदी हे काम वाहतूक पोलिसांच्या एका अधिसूचनेने होते. त्यासाठी रस्त्याची मालकी लागत नाही. मालकी मागितली की शेजाऱ्याला वाटते, उद्या माझी सायकलही थांबवतील. आणि आधीचा अनुभव पाहता तो चुकीचे समजतो असे म्हणता येत नाही.

बंद वर्षे आणि रविवारची फेरी

साथीच्या काळात आश्रमाचा भाग पर्यटकांसाठी बंद झाला आणि साथ संपल्यावरही अनेक वर्षे बंदच राहिला. लांबून आलेली माणसे कुंपणापलीकडून छातिमतला पाहून परतत. मराठी वाचकाला याची हळहळ जास्त वाटेल, कारण पु. ल. देशपांडे पन्नाशीत बांगला शिकण्यासाठी तिथे जाऊन राहिले तेव्हापासून शांतिनिकेतन हे आपल्याकडच्या अनेकांच्या मनातले जाण्याचे ठिकाण आहे. त्याही आधी, १९१५ मध्ये, काका कालेलकर तिथे होते.

ऑगस्ट २०२५ पासून विद्यापीठाने दर रविवारी, शुल्क घेऊन, मार्गदर्शकासह वारसाफेरी सुरू केली. या व्यवस्थेत चार गोष्टी एकदम साधल्या आहेत. रविवारी लोकांना सुट्टी असते, त्यामुळे दिवस सोयीचा आहे. येणाऱ्यांची संख्या आधी ठरते. गट मार्गदर्शकाबरोबर फिरत असल्यामुळे शिल्पावर चढणे, झाडाची साल खरवडणे, वसतिगृहाच्या खिडकीत डोकावणे हे प्रकार कोणाला ओरडावे न लागता थांबतात. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पर्यटकाला खरी माहिती मिळते. आवार बंद असताना माहिती देण्याचे काम बाहेरच्या ई-रिक्षावाल्यांकडे, ज्यांना तिथे टोटोवाले म्हणतात त्यांच्याकडे, आणि स्वयंघोषित मार्गदर्शकांकडे गेले होते. त्यांच्या कमाईला दोष देण्याचे कारण नाही. उलट त्यांतल्या इच्छुकांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र देऊन फेरीत सामील करून घेतले तर आज जे फाटकाबाहेर विद्यापीठाबद्दल राग धरून उभे आहेत तेच आवाराची काळजी वाहू लागतील.

एक त्रुटी राहते. विद्यापीठाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस बुधवार आहे. रविवार हा तिथे कामाचा दिवस असतो. म्हणून फेरीची वाट आणि वेळ वर्गांपासून वेगळी ठेवणे अत्यावश्यक आहे. मुले आम्रकुंजात बसलेली असताना ती दाखवण्याची वस्तू होणार नाहीत, याची हमी फेरीच्या तिकिटावर छापली पाहिजे आणि मार्गदर्शकाच्या करारातही लिहिली पाहिजे. छायाचित्राबाबतही तसेच. इमारतीचे काढता येईल, शिल्पाचे काढता येईल, मुलाचे नाही.

कोणाचा हक्क कुठे

या प्रकरणातून दुसऱ्या विद्यापीठाला काही घ्यायचे असेल तर ते माणसांच्या वर्गवारीत आहे. शांतिनिकेतनात फाटकाशी येणारे निदान पाच प्रकारचे लोक आहेत. पहिला रहिवासी, ज्याची वाट आवारातून जाते. त्याला परवानगी मागायला लावणे हाच अपमान आहे, त्याला कायमचा मुक्त मार्ग हवा. दुसरा माजी विद्यार्थी, ज्याला तिथे ‘प्राक्तनी’ म्हणतात. तो उपासनेला, पौष उत्सवाला, जुन्या शिक्षकांना भेटायला येतो, आणि नियम पाळण्यात व पाळायला लावण्यात त्याची सर्वांत जास्त मदत होऊ शकते. तिसरा व्यापारी व कारागीर. त्याच्याशी नाते कराराचे असावे, मुदत आणि अनामतीसह. चौथा अभ्यासक, जो ग्रंथालय, रवींद्रभवनाचे दस्तऐवज किंवा विनोदबिहारी मुखर्जींनी हिंदी भवनात काढलेले संतांचे भित्तिचित्र पाहायला येतो; त्याला रविवारची फेरी उपयोगाची नाही, त्याला पूर्वपरवानगीने कामाच्या दिवशी शांतपणे बसता आले पाहिजे. पाचवा दिवसभराचा पर्यटक. संख्येने तो सर्वांत मोठा, पण आवारावरचा त्याचा हक्क सर्वांत मर्यादित. वेळ, वाट आणि संख्या ही तिन्ही बंधने खरे तर फक्त त्याच्यासाठी लागतात.

२००४ नंतरच्या व्यवस्थेत या पाचव्या माणसासाठी आखलेली बंधने पहिल्या चौघांवर लादली गेली. राग आला तो पहिल्या चौघांना, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावर उतरले त्यांत पर्यटक नव्हते.

आपल्याकडेही हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात पहाटे फिरायला जाणारे आसपासचे नागरिक आणि सहलीसाठी बसने येणारा गट यांना एकच प्रवेशपत्रिका लावून चालणार नाही, कारण पहिले आवाराचे शेजारी आहेत आणि रात्री काही संशयास्पद दिसले तर विद्यापीठाला आधी कळवणारेही तेच असतात.

पुढे काय ठरायचे आहे

वारसास्थळाच्या दर्जामुळे विश्वभारतीला आता आवाराचे व्यवस्थापन लेखी ठेवावे लागेल आणि त्यात बदल करताना कारणे द्यावी लागतील. ही चांगली संधी आहे. मेळ्याच्या मैदानाचे वर्षभराचे वेळापत्रक, रहिवाशांच्या वाटांचा नकाशा, मोडत्या मेळ्यासाठी निश्चित केलेले दिवस, व्यापाऱ्यांच्या अनामतीचे नियम आणि वसंतोत्सवाच्या मर्यादित निमंत्रणांची पद्धत हे सगळे एका पुस्तिकेत बांगला, संथाळी, हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध व्हावे.

मेळ्यानंतरच्या स्वच्छतेबाबतही संस्थेच्या हाताशी स्वतःचा एक धागा आहे. गांधीजी १९१५ मध्ये शांतिनिकेतनात आले तेव्हा स्वयंपाकापासून सफाईपर्यंतची कामे विद्यार्थी आणि अध्यापकांनी स्वतः करावीत असे त्यांनी सुचवले आणि १० मार्चला तो प्रयोग सुरू झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही दरवर्षी १० मार्चला कर्मचाऱ्यांना सुट्टी देऊन विद्यार्थी व अध्यापक आवार झाडतात. मेळ्याच्या दुकानदारांनी आपल्या जागेची सफाई स्वतः करून दिल्याशिवाय अनामत परत मिळू नये, ही अट या परंपरेला धरून आहे आणि हरित लवादाच्या अटींशीही जुळते. ती घालायची तर व्यापारी संघटनेशी बोलणी मेळा तोंडावर आल्यावर नव्हे, पावसाळ्यातच सुरू करावी लागतील, कारण कारागीर मेळ्याचा माल दुर्गापूजेच्या सुमारास बनवायला घेतात आणि तोपर्यंत जागेचा दर, मुदत आणि अनामत त्यांना ठाऊक असली पाहिजे.